दिवा गेला, दोष राहिला

आपल्याकडे दिव्याला फार मान. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की आपण हात जोडतो. आषाढातल्या अमावास्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतो, कणकेचे दिवे करतो. 'दिवा विझला' असं तोंडातून काढायचं नाही, 'शांत झाला' म्हणायचं, ही शिकवण तर तुमच्यामाझ्या अंगी लहानपणापासून मुरलेली. पण मैत्रिणींनो, हल्ली आपल्या संसारात काही दिवे असे आले आहेत की ते लागले म्हणजे हात जोडावेसे वाटत नाहीत, उलट पोटात गोळा येतो. मोटारीच्या स्टिअरिंगमागे, वेगाच्या काट्याशेजारी लागणारे ते पिवळे नि तांबडे दिवे! त्यांच्याविषयीच आज चार गोष्टी तुमच्याशी बोलायच्या आहेत.

तुम्ही म्हणाल, "अगं बाई, गाडीचं आपल्याला काय करायचंय? ते पुरुषांचं खातं!" पण ते दिवस आता राहिले नाहीत. आमच्या मुकुंदवाडीत सकाळच्या शाळेच्या वेळी रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभ्या राहा आणि मोजा, किती गाड्यांच्या स्टिअरिंगवर बांगड्यांचे हात आहेत ते. आमचे हे शेंद्र्याच्या एका कारखान्यात, पाळीवर कंपनीच्या बसनं जातात. गाडी दारात उभी असते, ती माझ्या वाट्याला. आठवड्यातले तीन दिवस मी एका शाळेत मराठी नि इतिहास शिकवते, तिथं जाणं-येणं, लेकीचा क्लास, सासूबाईंचा दवाखाना, गॅसचं नि किराण्याचं ओझं, हे सगळं त्या गाडीवर चालतं. तेव्हा गाडीला काय होतंय हे जसं यांना कळायला हवं, तसंच मलाही कळायला हवं. किंबहुना मलाच आधी कळतं, कारण तिच्यात बसलेली मी असते.

आता घडलं ते सांगते. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला गाडीच्या डाव्या पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. वेग वाढला की आवाज वाढे. शहरातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली. त्यांनी चाकाचं बेअरिंग गेलं असं सांगितलं, ते बदललं, जाता जाता बॅटरीची तार सोडवून टर्मिनलं साफ केली, आणि हातात ६,८०० रुपयांचं बिल ठेवलं. आवाज थांबला होता, तक्रारीला जागा नव्हती. मी गाडी घेऊन निघाले. जालना रस्त्याला लागते न लागते तोच समोर एक नव्हे, दोन पिवळे दिवे! एक स्टिअरिंगच्या चित्राचा, दुसरा गोलात 'एबीएस' अशी अक्षरं असलेला. सकाळी गाडी नेली तेव्हा यातला एकही नव्हता.

मी गाडी बाजूला घेतली. पर्समधल्या छोट्या वहीत तारीख, वेळ, गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा आणि दोन्ही दिव्यांची चित्रं काढून ठेवली. मोबाइलवर फोटोही घेतला. ही सवय मला शाळेनं लावली आहे. पालकांशी बोलायचं तर आधी कॅटलॉग समोर हवा, हे शिक्षिकेला कुणी सांगावं लागत नाही.

मग हळूहळू घराकडे निघाले. दोन-तीन वळणं घेतल्यावर स्टिअरिंगचा दिवा आपणहून गेला, तो पुन्हा लागला नाही. एबीएसचा मात्र तसाच. मी सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, साहेब आहेत का घरी? त्यांना फोन द्या ना."

मी म्हटलं, "साहेब पाळीवर आहेत. गाडी मी चालवत होते. दिवा मी पाहिला. तेव्हा मलाच सांगा."

"काही नाही हो मॅडम, खड्ड्यांमुळे होतं असं. जाईल आपोआप. गाडी चालते आहे ना? मग चालवा बिनधास्त!"

या 'चालते आहे ना'नं माझं डोकं तापलं. आता पाहा, त्याच आठवड्यात सासूबाईंना नणंदेकडे चाळीसगावला सोडायचं होतं. इकडच्या बायकांना ठाऊक असेल, चाळीसगावला जायचं म्हणजे कन्नडचा औट्रम घाट उतरायचा. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीनं दरडी कोसळून हाच घाट बंद पडला होता. पावसात निसरडा रस्ता, समोर धुकं, गाडीत सत्तरीच्या सासूबाई नि मागे दहा वर्षांची लेक. अशा उतारावर ज्या गोष्टीची गरज लागते, नेमका तिचाच दिवा लागलेला. तो 'आपोआप जाईल' म्हणून कसं निघायचं?

हे संध्याकाळी घरी आले. त्यांचंही पहिलं म्हणणं तेच, "अगं, ब्रेक लागतोय ना व्यवस्थित? घेऊ नंतर बघून." माणूस बारा तास राबून आलेला, त्याला दुसरं काय सुचणार! पण देवापुढे वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "दूध करपल्याचा वास आला तर गॅसपाशी जाऊन बघायचं, की नाक धरून बसायचं?" त्यावर हे हसले आणि म्हणाले, "जा, तूच बघ. तुला जमेल ते मला जमायचं नाही. मी दोन मिनिटांत 'बरं बरं' म्हणून परत येईन." ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गाडी घेऊन गेले. तिथल्या मुलानं स्टिअरिंगखालच्या खाचेत एक यंत्र जोडलं, दोन बटणं दाबली आणि काय आश्चर्य, दिवा गायब! "झालं मॅडम, काही नव्हतं." पाच मिनिटांत मोकळी. पण मुकुंदवाडीच्या वळणाला यायच्या आतच दिवा पुन्हा हजर. मी परत फोन केला तर उत्तर आलं, "पण मॅडम, इथं तर गेला होता!"

मैत्रिणींनो, या लेखातली मुख्य गोष्ट इथंच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आमच्या गल्लीत एक काका राहतात. चिकलठाण्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काम करून निवृत्त झालेले. तसं आमचं सगळं शहरच यंत्रांच्या नि गाड्यांच्या संगतीत वाढलेलं. चिकलठाण्याची एमआयडीसी १९६० च्या दशकातली, वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला, २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जुळवू लागले. २०१० च्या ऑक्टोबरात तर इथल्या लोकांनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि देशभर आमच्या गावाचं नाव गाजलं. अशा गावात निदान दर दुसऱ्या गल्लीत एक तरी असा काका असतोच. मी जाऊन विचारलं. काकांनी अंगणात बसून, चहाच्या बशीवर बोट फिरवून मला सगळं समजावलं.

एबीएस म्हणजे काय? आपण घाबरून जोरात ब्रेक दाबला की चाकं जागच्या जागी जाम होतात. चाक फिरायचं थांबलं की गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी ऐकत नाही. न्हाणीघरात ओल्या फरशीवर पाय सरकतो ना, तसंच. हे होऊ नये म्हणून प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. तो चाक किती वेगानं फिरतंय ते मोजतो आणि गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवतो. एखादं चाक जाम होतंय असं दिसलं की संगणक त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो, पुन्हा दाबतो, असं एका सेकंदात कित्येकदा. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना हे सक्तीचं आहे. त्याचा पिवळा दिवा लागला म्हणजे साधा ब्रेक चालू असतो, पण ही जास्तीची राखण बंद पडलेली असते. कोरड्या सपाट रस्त्यावर कदाचित काही जाणवणार नाही. घाटात, पावसात, अचानक गाय आडवी आली तर जाणवेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल.

"आणि तो मुलगा दिवा घालवतो नि पुन्हा लागतो, ते कसं?" मी विचारलं.

काका म्हणाले, "त्यानं दोष नाही काढला, दोषाची नोंद पुसली. फळ्यावरचं पुसलं म्हणून पोराचे मार्क बदलतात का? गाडी उभी असते तेव्हा चारही चाकांचा वेग शून्यच. संगणकाला तक्रार करायला काही सापडतच नाही. गाडी चालू लागली, तीन चाकं एक सांगू लागली आणि चौथं गप्प राहिलं, की त्याला कळतं. म्हणून तिथं उभ्या गाडीत दिवा गेलेला आणि तुला रस्त्यावर लागलेला."

बघा, किती सरळ गोष्ट! दिवा जाणं आणि दोष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोराचा ताप औषधानं उतरला म्हणून आपण स्वस्थ बसत नाही, ताप कशानं आला ते डॉक्टरांना विचारतोच ना? मग इथं 'दिवा गेला, झालं काम' यावर समाधान का मानायचं?

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिचा मला पुढे फार उपयोग झाला. ते म्हणाले, "आताच्या पुष्कळ गाड्यांच्या बेअरिंगमध्ये एका बाजूला लोहचुंबकाची पातळ चकती बसवलेली असते. सेन्सर तिच्यावरून चाकाचे फेरे मोजतो. दोन्ही बाजूंनी बेअरिंग जवळजवळ सारखंच दिसतं. घाईत कुणी उलटं ठोकलं, तर चाक मस्त फिरतं, आवाजही येत नाही, पण सेन्सरच्या समोर चुंबकच नसतो. तो आंधळा होतो. टाचणी लावून पाहिली की चुंबकाची बाजू लगेच कळते. पण तेवढं बघायला सवड कुणाला आहे! उलटंच असेल असं मी म्हणत नाही. चाक काढताना सेन्सरची तारही ओढली जाते. पण ज्या चाकाचं काम झालं तेच चाक गप्प असेल, तर आधी तिथंच बघायला हवं." स्टिअरिंगचा दिवा का लागून गेला, तेही त्यांनी सांगितलं. बॅटरीची तार सोडली की काही गाड्यांचा संगणक स्टिअरिंगची सरळ जागा विसरतो, थोडी वळणं घेतली की त्याला ती पुन्हा सापडते. म्हणजे दोन दिव्यांपैकी एक खरोखरच आपोआप जाणारा होता, दुसरा नव्हता. सगळेच दिवे वाईट नसतात आणि सगळेच किरकोळही नसतात, म्हणून तर विचारायचं.

तिसऱ्यांदा गेले ती वही घेऊनच. या वेळी मी म्हटलं, "दिवा पुसू नका. आधी यंत्रात काय लिहून आलं ते मला वाचून दाखवा." मुलानं जरा नाखुषीनंच वाचलं. पुढचं डावं चाक, वेगाचा सेन्सर. म्हणजे ज्या चाकाचं काम झालं, तेच! मी तो पडदा मोबाइलवर टिपून घेतला. तेवढ्यात त्यांचे वरिष्ठ आले. ते म्हणाले, "सेन्सर गेलाय मॅडम. नवीन टाकावा लागेल, ४,२०० रुपये होतील. बेअरिंगशी त्याचा काही संबंध नाही."

मी आवाज न चढवता म्हटलं, "सेन्सर गेला असेलही. पण चाक उघडण्यापूर्वी तो चालू होता, कारण दिवा नव्हता. तुमच्या जॉब कार्डावर गाडी घेताना 'दिवे नाहीत' अशी खूण तुमच्याच माणसानं केली आहे. तेव्हा आधी चाक उघडा, बेअरिंगची चुंबकाची बाजू सेन्सरकडे आहे का ते पाहा, तार तपासा. एवढं करून सेन्सरच खराब निघाला, तर आपण पैशांचं बोलू. आणि काम झाल्यावर मेकॅनिकला माझ्या शेजारी बसवा. मी गाडी चालवीन, तो दिव्याकडे बघेल."

ते क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, तुम्ही इंजिनिअर आहात का?"

"नाही," मी म्हटलं, "मी बी. ए. आहे. मराठी शिकवते."

दुपारी तीन वाजता चाक उघडलं. बेअरिंग उलटंच बसवलेलं होतं. दाबून बसवलेलं बेअरिंग काढताना खराब होतं, ते पुन्हा वापरता येत नाही, म्हणून नवं घालावं लागलं. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि ज्या सेन्सरला ४,२०० रुपये पडणार होते तो ठणठणीत होता. मेकॅनिक पोरगा शेजारी बसला, आम्ही पाच-सहा किलोमीटर फिरून आलो, दिवा लागला नाही. उतरताना तो हळूच म्हणाला, "ताई, दिवसाला इतक्या गाड्या असतात, की बघायला वेळच देत नाहीत." त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्यावर मी रागावले नाही. राग होता तो 'साहेबांना फोन द्या'चा.

आता माझ्या गोष्टीपुरतं हे झालं. पण तुमच्या गाडीत दुसराच दिवा लागला तर? म्हणून थोडं सामान्य ज्ञान. गाडी कुठल्याही कंपनीची असो, बहुतेक चित्रं सारखीच असतात, कारण ती आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ठरलेली आहेत. हिरवा नि निळा दिवा म्हणजे नुसती माहिती, अमुक चालू आहे एवढीच. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. तांबडा म्हणजे थांबा. त्यातही तेलाच्या किटलीचा तांबडा दिवा आणि इंजिन तापल्याचा दिवा लागला तर सुरक्षित जागा पाहून लगेच इंजिन बंद करायचं, 'घर जवळ आलंय' म्हणून रेटायचं नाही. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा, लुकलुकत असेल तर वेग कमी करून शक्य तितक्या लवकर थांबा. एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा तांबडा असे दोन्ही एकदम लागले, आणि हातब्रेक सुटलेला असेल, तर ती गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. एअरबॅगचा दिवा तसाच राहिला तर अपघातात ती उघडेलच याची खात्री नाही. आणि हो, किल्ली फिरवल्यावर काही सेकंद जवळजवळ सगळे दिवे लागून जातात, ती त्यांची हजेरी असते. एखादा दिवा हजेरीलाच गैरहजर असेल तर तेही सांगा. काही वेळा दोष लपवायला दिवाच बंद केलेला असतो.

दुरुस्तीनंतर नवा दिवा लागण्याची कारणं बहुधा साधी असतात. हवेची नळी नीट बसली नाही की इंजिनाचा दिवा. आतली सफाई करताना सीट हलवली, तिच्याखालचा प्लग सैल झाला की एअरबॅगचा दिवा. टायर बदलले किंवा पुढचे मागे केले की हवेच्या दाबाचा दिवा. यातलं कितीतरी दहा मिनिटांत ठीक होणारं असतं. मात्र प्रत्येक नवा दिवा गॅरेजच्याच माथी मारावा असंही नाही. कधी योगायोगानं त्याच दिवशी दुसरं काही बिघडतं. म्हणून भांडायला जायचं नाही, कारण विचारायला जायचं. 'दिवा घालवा' असं म्हणायचं नाही, 'दिवा कशानं लागला ते दाखवा' असं म्हणायचं. या एका वाक्यानं सगळा फरक पडतो.

समजा, मी विचारूनही त्यांनी दाद दिली नसती तर? तर माझ्यामागे कायदा होता. पैसे घेऊन केलेलं काम नीट झालं नाही, तर त्याला कायद्याच्या भाषेत 'सेवेतील त्रुटी' म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ साली आला. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी २४ डिसेंबरला मिळाली, म्हणून तो दिवस आपल्याकडे राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. पुढे २०१९ साली नवा कायदा झाला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. नव्या कायद्यानं एक मोठी सोय केली, आपण जिथं राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथं शुल्क पडत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. पुष्कळदा तेवढ्यानंच समोरचे जागे होतात.

आणखी एक ध्यानात ठेवा. तक्रारीचं पत्र सर्व्हिस सेंटरला द्याल तेव्हा त्याची प्रत मोटार कंपनीलाही पाठवा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २००९ साली तयार झालेली गाडी २०११ साली नवी म्हणून विकली गेली होती. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टानं असं ठरवलं, की विक्रेता हा कंपनीचा एजंट नसून स्वतंत्र व्यापारी असेल आणि कंपनीला त्याच्या कृत्याची कल्पना नसेल, तर त्याचा दोष आपोआप कंपनीच्या माथी जात नाही. पाटी एका कंपनीची आणि दुकान दुसऱ्याचं, हे आपल्याला कुठं ठाऊक असतं? म्हणून कंपनीलाही आधीच लेखी कळवून ठेवावं. पुढे 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं म्हणायची सोय राहत नाही.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. आपण मेथीची जुडी उलटीपालटी करून बघतो. दूधवाल्याचा हिशेब पाठ असतो. साडीचा पदर उजेडात धरून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. तिथं आपल्याला कुणी 'साहेबांना बोलवा' म्हणत नाही आणि म्हटलं तर आपण ऐकूनही घेणार नाही. मग काचेचं दार, थंडगार हवा, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला मुलगा नि इंग्रजी शब्द दिसले की आपली जीभ का लुळी पडते? १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना एकत्र केलं, तेव्हा हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका काही अर्थशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. रॉकेल नि तेल का मिळत नाही, एवढंच त्या विचारत होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि तिथंही घरोघरच्या गृहिणी एकत्र येऊन धान्य घेऊ लागल्या, वाटून घेऊ लागल्या. प्रश्न विचारायचा वारसा आपल्याकडे आहेच. फक्त प्रश्नाचा विषय आता डाळतांदळावरून यंत्रावर आला आहे.

यंत्र कळलंच पाहिजे असं नाही. बेअरिंग कसं बसवतात हे मला आजही हातानं करता येणार नाही आणि करायचंही नाही. ज्याचं काम त्यानं करावं. पण माझ्या पैशांत नि माझ्या माणसांच्या जिवावर काय केलं, हे मला समजेल अशा भाषेत सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे. वर्गात एखादी मुलगी हात वर करून 'बाई, हे कसं?' असं विचारते, तेव्हा मी तिला 'वडिलांना पाठव' म्हणत नाही. मग माझ्या प्रश्नाला तसं उत्तर मी का घ्यावं?

तेव्हा एवढं करा. गाडीत एक छोटी वही आणि पेन ठेवा. गाडी दुरुस्तीला देताना जॉब कार्डावर कोणते दिवे लागलेले आहेत, कोणते नाहीत, ते लिहून घ्या. परत घेताना तिथल्या तिथं पैसे देऊन निघू नका, आधी माणूस शेजारी बसवून चक्कर मारा. नवा दिवा दिसला तर फोटो काढा, तारीख नि किलोमीटर लिहा, आणि त्याच दिवशी कळवा. यंत्रात आलेली नोंद पुसण्याआधी वाचून घ्या. बदललेला जुना भाग मागून बघा. आणि 'साहेबांना पाठवा' असं कुणी म्हणालं, तर हसून सांगा, "साहेब कामावर आहेत, गाडीचं मी बघते."

चाळीसगावला आम्ही त्या रविवारी गेलो. घाटात पाऊस होता, समोरचा ट्रॅक्टर एकाएकी थांबला आणि मी ब्रेक दाबला. पायाखाली टकटक असं काहीतरी जाणवलं, गाडी न घसरता बाजूला वळली आणि थांबली. सासूबाईंनी डोळे उघडले, "काय झालं गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "काही नाही." पुढे कन्नडच्या बसमागून सावकाश उतरत आम्ही जेवणाच्या वेळेला नणंदेच्या दारात पोचलो. तिनं पुरणपोळ्या केल्या होत्या.